ऊब चोरणारा शेजारी

आमच्या नेझाहत आब्लाचा जगात एकाच गोष्टीवर पक्का विश्वास होता, तो म्हणजे समोरचा माणूस आपल्याला फसवतोय. खाटकाकडे गेली की ती मांसाकडे बघायची नाही, तराजूशेजारच्या त्याच्या अंगठ्याकडे बघायची. औषधाच्या गोळ्या आणल्या की खिडकीशी उभी राहून एकेक उजेडात धरायची. टीव्हीवर हवामान सांगणारी पोरगी जरा हसली की म्हणायची, "हसतेय ना, म्हणजे काहीतरी लपवतेय." नवरा गेला तेव्हा तिने डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं म्हणे, "नक्की ना?"

तिचा तरी काय दोष. सगळा जन्म टॉवेलच्या गिरणीत तपासणीच्या टेबलावर गेलेला. सुटलेला धागा, तिरका काठ, फिका पडलेला रंग शोधायचा आणि माल बाजूला काढायचा. बाकीच्यांना टॉवेल दिसायचा, हिला खोट दिसायची, आणि पगार त्याचाच मिळायचा. पुढे गिरणी सुटली, पण ती नजर काही सुटली नाही.

मी शुक्रान. तिच्या समोरच्या दारातली, तिला थोरली बहीण मानून आब्ला म्हणणारी. शिवाय इमारतीची व्यवस्थापक, म्हणजे सभेत नाव विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि माझीच तेवढी वर राहिली. तेव्हापासून जिन्यातला दिवा गेला तरी माझं दार वाजतं आणि कुणाच्या मांजराने घाण केली तरी माझंच. पण सगळ्यांत जास्त वाजवलं ते नेझाहत आब्लाने, आणि दर हिवाळ्यात एकाच कारणासाठी. तिच्या खालच्या मजल्यावर राहणारा रिफ्की बेय तिची ऊब चोरतो.

हे ऊब चोरण्याचं प्रकरण आमच्या बुर्सा शहरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी आमच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक कोळशाची भट्टी होती. मग गॅस आला आणि ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर ज्याचा त्याचा कोम्बी लागला. तोच नळाचं पाणी तापवतो आणि तोच खोल्याखोल्यांतल्या लोखंडी शेगड्यांत गरम पाणी फिरवतो. त्या दिवसापासून शेजारी शेजाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघायला लागला. वरच्याने पेटवलं, खालच्याने पेटवलं, की मधला आपला बंद ठेवून कोट घालून बसतो. भिंती आणि फरशा तापतातच. आयत्या बिळावर नागोबा.

"रिफ्की बेयच्या खिडकीला कधी वाफ धरलेली बघितलीस?" आब्ला मला विचारायची. "माझ्या काचा बघ, घामाने निथळतात. त्याच्या कोरड्या. पाणी कुठेतरी मुरतंय, शुक्रान."

रिफ्की बेय म्हणजे शहर बसचा निवृत्त ड्रायव्हर. बायको गेलेली, मुलं जर्मनीत. बोलायला मोजका. जिन्यात भेटला की टोपी काढून बाजूला व्हायचा. आब्लाचं म्हणणं, इतका सभ्य माणूस सभ्य असूच शकत नाही.

चोरी पकडायची तिची एक रीत होती. काहीतरी गोड करायचं, ताटली भरायची आणि खाली द्यायला जायचं. दारातून दिलं तर उपयोग नाही, आत शिरायला हवं, कारण शेगडी बैठकीच्या खिडकीखाली. पण रिफ्की बेय ताटली दारातच घ्यायचा, "हातांना आरोग्य लाभो" म्हणायचा आणि दार लोटायचा. आमच्यात शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत. दोन दिवसांनी तो भाजलेले चेस्टनट घालून ती परत आणायचा. आब्ला एकेक चेस्टनट मधोमध कापून आत अळी आहे का बघायची, कधीच सापडायची नाही, आणि त्यामुळे तिचा संशय आणखीच बळावायचा.

आता तिच्या स्वतःच्या कोम्बीचं सांगते. तो जुन्या पद्धतीचा. जळायला लागणारी हवा तो स्वयंपाकघरातूनच घेतो आणि धूर धुराड्यात सोडतो. म्हणून बाहेरच्या भिंतीला जाळीचं एक भोक ठेवावं लागतं आणि ते कायम उघडं ठेवावं लागतं. आब्लाने त्यात आपल्याच गिरणीचा टॉवेल गच्च कोंबलेला. त्या भोकातून तिची ऊब बाहेर जाते आणि खाली वळून रिफ्की बेयच्या खिडकीत शिरते, असा तिचा हिशेब. गॅस कंपनीचा माणूस तपासायला यायचा त्या दिवशी टॉवेल बाहेर. तो जिना उतरायच्या आत टॉवेल परत जागेवर. तिलाच कशाला नावं ठेवू, आमचं निम्मं शहर हेच करतं.

पण निम्म्या शहरात दर हिवाळ्याला कुणी ना कुणी मरतं तेही याच पायी. दक्षिणेकडून डोंगरावरून लोडोस सुटतो, तो पिसाळलेला कोमट वारा. कौलं उडतात, माणसांची डोकी भणभणतात आणि धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा घरात उतरतो. त्याला ना वास ना रंग. जरा डोकं दुखतंय म्हणून माणूस आडवा होतो, आणि दुसऱ्या दिवशी दार फोडावं लागतं. लोडोस सुटला की मला झोप लागायची नाही. समोरच्या दारामागे ती एकटी, भोकात टॉवेल, आणि सांगायला गेलं की माझ्यावरच डोळे वटारणार.

तिचा कोम्बी लोडोसात हटकून बंद पडायचा. लाल दिवा लागायचा. आब्ला दिव्याखालचं बटण दाबायची, तो पेटायचा, पुन्हा बंद पडायचा, पुन्हा बटण. खोडकर पोर दाराची घंटा वाजवतं तसं बोट ठेवून बसायची. शेवटी गेला हिवाळा सरता सरता मीच आमच्या मिस्त्रीला, हिल्मी उस्ताला, बोलावलं. आमच्या भागातले सगळे कोम्बी त्याच्याच हातचे.

हिल्मी उस्ताने झाकण काढलं, जाळीतला टॉवेल बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"आब्ला," तो म्हणाला, "हा बिघडून बंद पडत नाही. धूर मागे फिरला की याला कळतं आणि हा स्वतःच गॅस तोडतो. तुमचा जीव वाचवतो. लाल दिवा लागला तर बटण एकदाच दाबायचं. पुन्हा लागला तर हात लावायचा नाही. गॅसची कळ बंद, खिडकी उघडी, आणि मला फोन."

"म्हणजे दर वेळी तुला फोन," आब्ला म्हणाली. "बरं सुचतं हं तुला."

"पाण्याचा काटा बघायचा, तो एक आणि दोनच्या मध्ये हवा. वर्षातून एकदा सफाई. आणि हे भोक कधीही बुजवायचं नाही. चहा नसला तरी चालेल मला, पण हे करा."

"चहा देतच नव्हते मी."

जाताना त्याने विषारी धूर ओळखणारा एक पांढरा डबा भिंतीला लावून दिला. धूर साठला की ओरडणारा. तो वळल्यावर आब्लाने डबा उतरवला, बॅटरी काढली आणि फडक्यात गुंडाळून कपाटात टाकला. म्हणाली, "त्यात कान असतो. घरात कोण काय बोलतं ते ऐकतात." कोण ऐकतं, आणि घरात ती एकटी असताना ऐकण्यासारखं काय असतं, हे मी विचारलं नाही. संशयाला औषध नसतं.

खाली उतरताना हिल्मी उस्ता रिफ्की बेयचाही कोम्बी बघून गेला. दुसऱ्या दिवशी आब्ला माझ्या दारात हजर, चेहरा लालबुंद.

"ऐकलंस? तो मला जिन्यात गाठून म्हणतो, आपलं धुराडं एकच आहे, एका वेळी एकानेच पेटवलेलं बरं. म्हणजे मी विझवून गारठून मरायचं आणि हा वर पाय करून शेकत बसणार. चोर तो चोर, वर शिरजोर."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघते."

त्यानंतर रिफ्की बेयने विषय काढला नाही. पण त्याचं वागणं मात्र खरंच विचित्र झालं, आणि खरं सांगते, मलाही शंका यायला लागली. तो दिवसदिवस चहाच्या दुकानात बसायचा. दुकानातून लोकरीचे मोजे आणताना मी त्याला बघितलं. आब्ला जिन्यात दिसली की विचारायचा, "नेझाहत हानम, डोकं नाही ना दुखत?" कधी गुडघे विचारावेत, कधी सासरी गेलेली मुलगी विचारावी, पण नाही. दर वेळी डोकंच.

"मला वेडी ठरवायचंय त्याला," आब्ला म्हणाली. "डोक्याचं डोक्याचं करून सगळ्या इमारतीत पसरवणार, आणि मग माझं घर लाटणार."

आणि ती झाडूची ठोकाठोक. लोडोस असला की रिफ्की बेय झाडूच्या दांड्याने आपल्या छतावर, म्हणजे आब्लाच्या फरशीवर, ठोकायचा. आमच्यात वरच्याचा गोंगाट झाला की खालचा असं ठोकतो. पण आब्ला एकटी, पायात कापडी सपाता, टीव्हीसुद्धा बारीक. गोंगाट कुठला आलाय? ती संतापून टाच आपटायची. तो थांबायचा. जरा वेळाने पुन्हा ठोकायचा, ही पुन्हा आपटायची. मी व्यवस्थापक म्हणून त्याला एकदा हटकलं. तो नुसता "माफ करा" म्हणाला, आणि पुढच्या लोडोसात पुन्हा तेच.

यंदा आधी बर्फ पडला, चांगला गुडघाभर. भिंतींत गारठा मुरला. आणि मग एका सकाळी लोडोस सुटला, पन्हळी गळायला लागल्या. दुपारी आब्ला माझ्या दारात उभी. हातात ताटली, त्यात भोपळ्याच्या गोड फोडी, वर अक्रोड. चेहरा पांढराफटक.

"चल माझ्याबरोबर. आज आत घुसायचंच. साक्षीदार हवा."

"तुला बरं वाटत नाहीये का? डोकं दुखतंय?"

"तुलाही त्यानेच शिकवलं का हे विचारायला?"

मी तिला ढकलून आधी तिच्या स्वयंपाकघरात गेले. काचा ओघळत होत्या, टॉवेल भोकात, कोम्बीवर लाल दिवा. "किती वेळा दाबलंस बटण?" तर म्हणे, "मोजायला मी काय कारकून आहे?" मी गॅसची कळ फिरवली, खिडक्या सताड उघडल्या आणि तिला ओढून बाल्कनीत उभं केलं. ती मला शिव्या घालत होती, घालू देत होते. तेवढ्यात खालून ठोके आले. ठक, ठक, ठक. बाल्कनीतून कोण टाच आपटणार? ठोके थांबेनात. जोरात येऊ लागले. मग ठोके बंद झाले आणि जिन्यावरून कुणीतरी धडपडत चढत असल्याचा आवाज आला, आणि दारावर मुठी पडायला लागल्या.

मी दार उघडलं. रिफ्की बेय. अंगात कोट, गळ्याला मफलर, डोक्यावर कानटोपी, पायात एकच चप्पल. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून बाल्कनीत बघितलं, आब्ला उभी दिसली, आणि तो दाराच्या चौकटीला टेकला.

"उभ्या आहेत," तो म्हणाला. "ठीक आहे. काही नाही."

"घरात कोट?" आब्ला बाल्कनीतूनच म्हणाली. तिच्या आवाजात आता बळ आलं. "शुक्रान, बघितलंस? हातच्या काकणाला आरसा कशाला." आणि ताटली घेऊन ती त्याच्या शेजारून थेट जिना उतरली. त्याचं दार सताड उघडंच होतं. आम्ही दोघं तिच्या मागे.

आत पाऊल टाकलं आणि माझे दात वाजले. बैठकीत कोचावर दोन गोधड्या, तिसरी जमिनीवर पडलेली. आब्ला खिडकीपाशी गेली आणि शेगडीवर तळवा ठेवला. सगळे हिवाळे ज्यासाठी ताटल्या भरल्या तो हा क्षण.

"गार," ती म्हणाली. "गार ठणठणीत. आता बोला रिफ्की बेय."

तो खाली मान घालून उभा. शाळेत पकडलेल्या पोराची असते तशी. "उस्ताने सांगितलं होतं," तो म्हणाला. "आपलं दोघांचं धुराडं एकच. दोन्ही पेटले तर धूर वर जात नाही, वरच्या घरात भरतो. वरचं घर तुमचं. मी तुम्हाला जिन्यात सांगितलं, पण तुम्हाला पटलं नाही. मग मी माझा बंदच ठेवला."

"कधीपासून?"

"उस्ता येऊन गेला तेव्हापासून."

म्हणजे गेल्या हिवाळ्याचं टोक आणि हा अख्खा हिवाळा. मी गोधड्यांकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि आब्लाच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटत होता.

"आणि ते ठोकणं?" आब्लाने विचारलं. आवाज अजून तपासणीच्या टेबलावरचाच.

"लोडोस होता ना. तुम्ही वर एकट्या. दार वाजवलं तर तुम्ही उघडत नाही. ठोकलं की तुम्ही टाच आपटता. टाच वाजली की कळायचं, ठीक आहे. मग मी चहा टाकायचो." त्याने कानटोपी काढून हातात धरली. "आज वाजली नाही."

आब्लाची नजर हातातल्या ताटलीवर गेली. ताटलीतल्या फोडींचा पाक एका बाजूला ओघळत होता, तो बघत राहिली. मग म्हणाली, "यात तुमचा काय फायदा?"

मी कपाळावर हात मारला. रिफ्की बेयला तर प्रश्नच समजला नाही. "मला थंडीची सवय आहे," तो म्हणाला. "जन्मभर बस चालवली. दर थांब्याला दार उघडायचं असतं."

आब्लाने ताटली टेबलावर ठेवली आणि वर निघून गेली.

हिल्मी उस्ताने फोनवर बजावलं की लोडोस पडेपर्यंत दोघांनीही काडी लावायची नाही. म्हणून दोघं माझ्याकडे बसली. माझा कोम्बी नव्या तऱ्हेचा, हवा बाहेरूनच घेतो आणि धूरही थेट बाहेर सोडतो. मी मसुरीचं सूप केलं. आब्लाने ते वास घेऊन, चमच्याने ढवळून, तळ बघून मग प्यायलं. रिफ्की बेयकडे तिने एकदाही बघितलं नाही. तो मात्र दोन वाट्या प्यायला.

वारा पडल्यावर उस्ता येऊन गेला. धुराडं साफ केलं, आब्लाचा टॉवेल स्वतः खिशात घालून नेला, फडक्यातला पांढरा डबा काढून भिंतीला लावला. पण मूळ दुखणं तेच. दोन घरं एका धुराड्यावर चालायची नाहीत, दोघांना माझ्यासारखे नवे कोम्बी हवेत. "लोडोसानंतर सगळं शहर माझ्या मागे लागलंय," तो म्हणाला. "तुमचा नंबर येईपर्यंत एका वेळी एकच. पाळी लावून घ्या." मी व्यवस्थापक म्हणून पाळी ठरवूनसुद्धा टाकली. एक दिवस वरचा, एक दिवस खालचा.

थंडी पुन्हा वाढली. मी बाजारातून येताना बघते तो रिफ्की बेयच्या काचांना वाफ धरलेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. माझं डोकंच फिरलं. पाळी ठरवून दिली तरी हा माणूस रोज पेटवतो? म्हणजे आब्ला म्हणत होती तेच खरं की काय? मी त्याला जिन्यात गाठलं.

"पाळी?" तो म्हणाला. "नेझाहत हानमनी नाही का सांगितलं तुम्हाला? त्यांचं धुराडं उस्ताने वेगळं काढून दिलं. त्या स्वतः खाली येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, आता खुशाल पेटवा, रात्रंदिवस." त्याचे गाल लाल झाले होते. अंगात कोट नव्हता, नुसता सदरा.

मी वर गेले. आब्लाने दार फटीएवढंच उघडलं, मी खांद्याने लोटलं. आत श्वासाची वाफ दिसत होती. कोम्बी बंद, भोक मोकळं, त्यातून गार वारा सरळ आत. आणि ती बैठकीत जमिनीवर बसलेली, नवऱ्याचा जाडा कोट घालून, सपाता काढून, तळवे उघड्या फरशीवर टेकून.

"गालिचा कुठाय?"

"गुंडाळून ठेवलाय. फरशी कोमट आहे, हात लावून बघ. खालून येतं."

"आब्ला, कुठलं धुराडं वेगळं काढलं उस्ताने?"

"हळू बोल." तिने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि दाराकडे नजर टाकली. "त्याला यातलं काही कळता कामा नये, शुक्रान. कळलं की तो लगेच बंद करून बसेल. तसलाच आहे तो. माझा त्या माणसावर काडीचा विश्वास नाही."